चित्रातला समुद्र भिंतीसारखा उभा का राहतो?

गुहागरजवळच्या एका गावातून आलेल्या प्रश्नाचा आशय असा आहे: "मी इंटरमिजिएट चित्रकला परीक्षा दिली आहे आणि एकबिंदू व द्विबिंदू यथार्थदर्शनाचे (पर्स्पेक्टिव्हचे) नियम मला पाठ आहेत. तरीही आमच्या खळ्यातून (अंगणातून) दिसणारे दृश्य काढायला बसलो की ते सपाट होते. डावीकडे आमचे कौलारू घर आहे, मधून दोन गडग्यांमधली (दगडी कुंपणांमधली) पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, किनाऱ्याकडे उतरते, उजवीकडे पोफळींची रांग आहे आणि समोर समुद्रात दोन होड्या आहेत. चित्रात पाखाडी उभी केलेल्या शिडीसारखी दिसते, समुद्र निळ्या भिंतीसारखा दिसतो आणि घर एका बाजूला घसरल्यासारखे वाटते. लोपबिंदू नेमका कुठे घ्यावा?" प्रश्नासोबत त्यांनी आपले पेन्सिलचित्रही पाठवले आहे आणि ते समोर ठेवूनच मी हे उत्तर लिहीत आहे.

तुमचे चित्र पाहून पहिली गोष्ट सांगावीशी वाटते ती ही, की तुमची अडचण लोपबिंदूची नाही. लांब जाणाऱ्या समांतर रेषा चित्रात जिथे मिळताना दिसतात तो लोपबिंदू ही नंतरची बाब आहे. हे दृश्य कोणत्या जागेवरून आणि किती उंचीवरून पाहिले जात आहे, हे तुमच्या चित्राने ठरवलेलेच नाही. घर खळ्यात उभे राहून पाहिलेले आहे, पाखाडी झाडावर चढून पाहावी तशी आहे आणि होड्या तर चक्क वाळूत बसून पाहिलेल्या आहेत. एका कागदावर तीन डोळे आले आहेत, आणि मग नियम कितीही पाठ असले तरी ते एकमेकांच्या आड येणारच.

हे मी अधिकाराने सांगू शकतो, कारण हीच चूक मी पैसे घेऊन केलेली आहे. संगणकावर घरांची चित्रे निघू लागण्याच्या आधी, दापोली-गुहागर भागात बांधकामाचा नकाशा पाहून घर बांधल्यावर कसे दिसेल याचे रंगीत दर्शनी चित्र काढून देणे हा माझा व्यवसाय होता. नवखेपणी किनाऱ्यालगतच्या एका विश्रामगृहाचे मोठे चित्र मी काढले. इमारत नकाशावरून, अंगणात उभ्या माणसाच्या नजरेने व्यवस्थित मांडली, आणि मागचा समुद्र मात्र आधी कधीतरी टेकडीवरून केलेल्या एका जुन्या स्केचवरून उतरवला. समुद्राची वरची कड इमारतीच्या पहिल्या मजल्याच्या गजांना टेकली होती. मालकांना चित्र पसंत पडले, पण जोत्याचे काम करणारा गवंडी बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "ह्याच्यात समुद्र घरात शिरतोय काय हो?" त्याला यथार्थदर्शन हा शब्द ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण अंगणात उभे राहिल्यावर समुद्राची कड कुठवर येते हे त्याने आयुष्यभर पाहिले होते, आणि मी ते पाहूनही पाहिले नव्हते.

म्हणून सुरुवात समुद्राच्या कडेपासूनच करू. देशावरच्या चित्रकाराला क्षितिजरेषा कल्पनेने ठरवावी लागते, कारण डोंगर, झाडे आणि घरे ती झाकून टाकतात. आपल्याला ती डोळ्यांसमोर आखून मिळालेली असते. समुद्र आणि आकाश जिथे मिळतात ती रेषा व्यवहारात नेहमी तुमच्या डोळ्यांच्या पातळीवरच असते, मग तुम्ही वाळूत बसलेले असा किंवा गडाच्या तटावर उभे असा. तुम्ही वर चढलात की ती तुमच्याबरोबर वर येते. अगदी काटेकोर बोलायचे तर पृथ्वीच्या गोलाईमुळे ती किंचित खाली असते, पण 100 मीटर उंचीवरूनही हा फरक एका अंशाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाच असतो, म्हणजे पेन्सिलीने दाखवण्यासारखा नसतो. उंचीबरोबर वाढते ते क्षितिजाचे अंतर. डोळा पाण्यापासून 1.5 मीटरवर असेल तर क्षितिज साधारण 4.4 किलोमीटरवर असते, 20 मीटरवर असेल तर सुमारे 16 किलोमीटरवर आणि 100 मीटरवर असेल तर जवळजवळ 36 किलोमीटरवर.

याचा उपयोग पाहायचा असेल तर एखाद्या संध्याकाळी ओहोटीच्या वेळी पुळणीवर जा आणि सपाट, ओल्या वाळूत उभे राहा. पुळणीवर फिरणारी जी जी माणसे तुमच्या उंचीची आहेत, त्या प्रत्येकाच्या डोळ्यांतून क्षितिजरेषा जाताना दिसेल. चार हातांवरच्या माणसाच्याही आणि पार टोकाला जाळे ओढणाऱ्या माणसाच्याही. लांबच्या माणसाचे पाय कागदावर वर सरकतात, डोके मात्र रेषेवरच राहते. आता तिथेच मांडी घालून बसा. रेषा एकदम सगळ्यांच्या कमरेच्या खाली येईल. माणसे तीच, अंतरे तीच. बदलली ती फक्त तुमच्या डोळ्याची उंची. ज्याने हे एकदा नीट पाहिले आहे तो गर्दीचे चित्र काढताना लांबची माणसे किती लहान काढू, असे विचारत नाही. तो पाय ठेवायची जागा ठरवतो, डोके रेषेला लावतो आणि माणूस आपोआप योग्य मापाचा होतो. अंतर दुप्पट झाले की उंची निम्मी होते आणि चौपट झाले की पाव होते, हे गणित त्यातच बसलेले आहे.

पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये ब्रुनेलेस्की या वास्तुशिल्पकाराने तिथल्या बाप्तिस्मागृहाचे जे चित्र काढले होते, त्याच्या फळीला त्याने एक भोक पाडले होते. पाहणाऱ्याने फळीच्या मागच्या बाजूने त्या भोकाला डोळा लावायचा आणि समोर धरलेल्या आरशात चित्राचे प्रतिबिंब पाहायचे, अशी ती योजना होती. 1435 मध्ये आल्बर्टी या इटालियन विद्वानाने या शास्त्राची लेखी मांडणी केली आणि पुढे त्यातून रेषा, बिंदू आणि कोन यांचा मोठा पसारा तयार झाला. पण मला त्या सगळ्या पसाऱ्यापेक्षा ते भोक महत्त्वाचे वाटते. पाहणाऱ्याला हलूच द्यायचे नाही, एका डोळ्याने आणि एकाच जागेवरून पाहायला लावायचे, एवढाच त्याचा अर्थ. आपल्या परीक्षांच्या तयारीत बिंदू आधी शिकवले जातात आणि डोळा नंतर येतो किंवा येतच नाही, हा माझा जुना आक्षेप आहे.

आता तुमच्या समुद्राकडे येऊ. तुम्ही लिहिले आहे की खळे किनाऱ्यापासून बरेच उंच आहे. चित्रावरून मी असे धरतो, की उभे राहिल्यावर तुमचा डोळा पाण्यापासून सुमारे 20 मीटर उंच आहे आणि पाण्याची कड 200 मीटरवर आहे. हात पूर्ण लांब करून डोळ्यापासून 50 सेंटीमीटरवर एक काच उभी धरली आहे अशी कल्पना करा. त्या काचेवर पाण्याची कड क्षितिजाच्या 5 सेंटीमीटर खाली पडेल. किनाऱ्यापासून आणखी 200 मीटर आत, म्हणजे तुमच्यापासून 400 मीटरवर असलेले पाणी क्षितिजाच्या अडीच सेंटीमीटर खाली येईल. 1 किलोमीटरवरचे पाणी 1 सेंटीमीटर खाली आणि 2 किलोमीटरवरचे फक्त अर्धा सेंटीमीटर खाली येईल. याचा अर्थ असा, की तुमच्या चित्रातल्या समुद्राच्या पट्ट्याचा खालचा अर्धा भाग हे केवळ जवळचे 200 मीटर पाणी आहे आणि वरच्या अर्ध्या भागात उरलेला पंधरा-सोळा किलोमीटरचा समुद्र दाटीने बसलेला आहे.

तुम्ही काय केले आहे? पट्टा भरून सारख्या अंतरावर, सारख्या जाडीच्या लाटा काढल्या आहेत. सारख्या अंतरावरच्या आडव्या रेषा म्हणजे चिऱ्यांच्या थरांचे चित्र. म्हणून तो समुद्र भिंत झाला आहे. खालच्या अर्ध्या भागात लाटांची वळणे, फेस, पाण्यातली सावली असे जे काही दाखवायचे ते दाखवा. मधल्या भागात ती वळणे चपटी होत जाऊन नुसत्या आडव्या रेघा होतील. आणि क्षितिजाखालच्या शेवटच्या अर्ध्या सेंटीमीटरमध्ये एकही लाट काढू नका, तिथे फक्त एक सपाट छटा द्या. याच काचेवर पुळणीवर उभ्या माणसाला 15 मीटरवरचे पाणी 5 सेंटीमीटर खाली दिसते आणि 150 मीटरवरचे अर्धाच सेंटीमीटर खाली. म्हणून पुळणीवरून काढलेला समुद्र हा जवळजवळ नुसती एक फीत असतो. नवशिके चित्रकार पुळणीवर बसतात आणि समुद्र मात्र गडावरून दिसणारा काढतात, कारण समुद्र मोठा आहे हे त्यांना माहीत असते. माहीत असलेले काढणे आणि दिसलेले काढणे यांतला हा नेहमीचा झगडा आहे.

पाखाडीबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण इथे पुस्तके आपल्याला तोंडघशी पाडतात. पुस्तकातला रस्ता सपाट असतो, त्याच्या कडेला विजेचे खांब असतात किंवा मग रेल्वेचे रूळ असतात आणि ते सरळ क्षितिजाला जाऊन मिळतात. आपल्याकडे रूळसुद्धा असे वागत नाहीत. ते वळणात तरी शिरतात नाहीतर बोगद्यात. आणि वाट म्हटली की ती चढते किंवा उतरते. उतरणाऱ्या वाटेच्या कडा क्षितिजावर मिळत नाहीत. त्यांचा लोपबिंदू क्षितिजाच्या खाली असतो, आणि चढणाऱ्या वाटेचा क्षितिजाच्या वर. दोन्ही बाबतींत तो त्या दिशेच्या सपाट रेषांच्या लोपबिंदूच्या बरोबर खाली किंवा बरोबर वर, एकाच उभ्या रेषेत असतो. किती खाली, तेही काढता येते. पाखाडी चार हात पुढे जाताना एक हात उतरत असेल, तर आपल्या त्या 50 सेंटीमीटरवरच्या काचेवर तिचा लोपबिंदू क्षितिजाखाली साडेबारा सेंटीमीटरवर येईल. तुमचा कागद लहान असेल तर हीच मापे त्या प्रमाणात लहान करा.

तुम्ही पाखाडीच्या कडा थेट क्षितिजाकडे नेल्या आहेत, म्हणून ती उतरतच नाही. समुद्राच्या पातळीवर पोहोचायचे सोडून ती आकाशाच्या दिशेने चढत जाते, आणि वर पायऱ्या काढल्यामुळे तिची शिडी होते. पायऱ्यांतही एक चूक आहे आणि ती फार बोलकी आहे. तुम्ही प्रत्येक पायरीची उभी बाजू छायांकित केली आहे. खळ्याच्या तोंडाशी उभे राहून खाली पाहा. पायरीची उभी बाजू तुमच्याकडे पाठ करून असते, ती दिसतच नाही. दिसतात ते फक्त एकामागे एक असलेले सपाट माथे, आणि प्रत्येक माथ्याची पुढची कड तिच्या खालच्या पायरीचा थोडा भाग झाकते. उभ्या बाजू दिसतात त्या किनाऱ्यावरून वर पाहताना, आणि तेव्हा माथे दिसतात ते फक्त तुमच्या डोळ्याच्या पातळीपर्यंतच्या पायऱ्यांचे. उभ्या बाजू काढल्याबरोबर तुमचा डोळा खालून वर पाहू लागला आणि समुद्र मात्र वरून खालीच पाहिलेला राहिला.

दोन्ही बाजूंच्या गडग्यांचा माथा उताराबरोबर जातो, म्हणून तो खालच्या लोपबिंदूकडे न्यायचा. पण बांधीव गडग्यात जांभ्याचे थर आडव्या पातळीत लावलेले असतात, त्यामुळे त्यांचे सांधे क्षितिजावरच्या बिंदूकडे जातात. एकाच भिंतीत दोन दिशा दिसल्या की डोळ्याला उतार पटतो. मी तर म्हणेन, की उतार दाखवण्याची याहून सोपी युक्ती कोकणात दुसरी नाही, आणि ती आपल्या दारात उभी आहे. गडगा रचीव दगडांचा असेल तर ही युक्ती चालत नाही. तिथे दगडांचे आकार लहान करत नेणे एवढेच हाती राहते.

आणखी एक गोष्ट धीटपणे करा. पाखाडी जिथे एकदम खाली वळते आणि दिसेनाशी होते, तिथे तिला दिसेनाशी होऊ द्या. गडग्याच्या किंवा उंचवट्याच्या कडेमागे ती तोडून टाका आणि खाली पुळणीजवळ, पाचपट अरुंद करून, पुन्हा दाखवा. मधली जी वाट तुम्ही काढली नाही ती पाहणारा स्वतः चालून जातो. एका वस्तूने दुसरीला झाकणे हे खोली दाखवण्याचे सर्वांत जुने साधन आहे, आणि त्याला ना पट्टी लागते ना बिंदू.

घर घसरल्यासारखे दिसते त्याचे कारण वळचणीची, म्हणजे छपराच्या खालच्या कडेची, रेघ. आपल्या जुन्या घरांची वळचण इतकी खाली उतरलेली असते, की उंच माणूस ओटीवर चढताना वाकतो. म्हणजे ती तुमच्या डोळ्याच्या पातळीपासून जेमतेम दोन-तीन विती वर आहे. जी रेषा क्षितिजाच्या इतकी जवळ असते ती कागदावर जवळजवळ आडवीच दिसते. उतरती दिसते ती आढ्याची, म्हणजे छपराच्या माथ्याची, रेषा, कारण आढे डोळ्यापासून बरेच वर असते. पुस्तकातल्या खोक्यासारख्या घराच्या सवयीने तुम्ही पागोळीची रेषाही आढ्याइतकीच तिरकी केली आहे, आणि छप्पर घसरगुंडी झाले आहे. जोत्याची कड डोळ्याच्या खाली असल्यामुळे लोपबिंदूकडे जाताना चढेल. हे मात्र तुम्ही बरोबर केले आहे.

आढ्याचे टोक कुठे घ्यायचे हे दुपाखी (दोन उतारांच्या छपराच्या) घरात असे काढावे. समोर दिसणाऱ्या बाजूच्या भिंतीचा चौकोन आधी यथार्थदर्शनात काढून घ्या, त्याचे दोन्ही कर्ण ओढा आणि ते जिथे छेदतात तिथून सरळ वर उभी रेषा न्या. आढ्याचे टोक त्या रेषेवर असेल. पट्टीने मोजून काढलेला मध्य चालत नाही. खरा मध्य नेहमी लांबच्या कोपऱ्याकडे थोडा सरकलेला दिसतो. छपराच्या जवळच्या आणि पलीकडच्या उतारांच्या कडा काढताना त्या एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा करू नका: जवळचा उतार लांब व निजलेला दिसतो, पलीकडचा आखूड आणि उभा.

अशा घराचे दोन्ही लोपबिंदू कागदाबाहेर जातात, आणि ते जायलाच हवेत. कागदावर मावावेत म्हणून बिंदू जवळ आणले की घराचा कोपरा बोटीच्या नाळेसारखा पुढे येतो. मी कागद मोठ्या फळीवर चिकटवून फळीच्या टोकांना दोन टाचण्या ठोकत असे आणि टाचणीला बांधलेला शिवणाचा दोरा ताणून रेषांची दिशा पाहत असे. फळी पुरली नाही तर फळी जमिनीवर ठेवायची आणि खिळा शेणाच्या जमिनीत ठोकायचा. माझ्या आईला हे अजिबात आवडत नसे.

पोफळींच्या रांगेसाठी एक कृती सांगतो, कारण तुमच्या पोफळी लांब जाताना लहान होतात खऱ्या, पण त्यांच्यातली अंतरे तेवढीच राहिली आहेत. पहिली आणि दुसरी पोफळ नजरेने योग्य वाटेल तिथे उभी करा. सगळ्यांचे बुंधे आणि शेंडे जोडणाऱ्या दोन रेषा लोपबिंदूकडे न्या, आणि पहिलीच्या मध्यावरून तिसरी रेषाही तिकडेच न्या. आता पहिलीच्या शेंड्यापासून निघून दुसरीच्या मध्यातून जाणारी तिरपी रेषा ओढा. ती खालच्या रेषेला जिथे छेदेल तिथे तिसऱ्या पोफळीचा बुंधा. मग दुसरीच्या शेंड्यापासून तिसरीच्या मध्यातून पुन्हा तसेच करून चौथी काढा. असे पाच-सहा वेळा केले की पुढची अंतरे डोळा स्वतः सांगू लागतो. ही झाल्यावर मात्र एक-दोन पोफळी जरा वाकवा, एखादीचा शेंडा खाली आणा. वाडीतल्या पोफळी कवायतीला उभ्या नसतात, आणि पट्टीने लावलेली रांग लगेच ओळखू येते.

खळ्यातली कळशी आणि दोणी (पाण्याची कुंडी) यांच्याबद्दल एवढेच, की गोल तोंड डोळ्याच्या पातळीच्या जितके खाली तितके अधिक गोल दिसते आणि त्या पातळीच्या जितके जवळ तितके चपटे. तुमच्या कळशीचे तोंड चांगले गोल आहे आणि तळ सरळ रेघेने कापलेला आहे. खरे तर तळाची वळणरेषा तोंडाच्या वळणापेक्षा जास्त भरलेली हवी. इंटरमिजिएटच्या स्थिरचित्राच्या पेपरात यावरून किती गुण जातात हे तुम्हाला आठवत असेलच.

रेषा सगळ्या जागच्या जागी आल्या तरी चित्र सपाट राहू शकते, कारण हवा काढायची राहिलेली असते. आपल्याकडची हवा दमट आणि खारट आहे, आणि दिवाळीनंतर तिच्यात धूसरपणा भरतो. त्यामुळे लांबच्या गर्द झाडीतला काळेपणा आधी जातो आणि ती निळसर करडी होते. उलट लांबचे पांढरे, म्हणजे एखादे चुन्याचे देऊळ किंवा शीड, थोडे मळकट पिवळट होते. गडद आणि उजळ दोघेही एकमेकांच्या जवळ येत येत शेवटी एकच राखाडी होतात. म्हणून पेन्सिलचित्रात माझा नियम साधा आहे: ज्या वस्तूला हात लावता येईल तिच्यासाठी 4बी (मऊ, गडद), हाक पोहोचेल तिथवर एचबी, आणि त्यापलीकडे 2एच (कठीण, फिकी). तुमचा पलीकडचा डोंगराचा सडा (सपाट माथा) तुम्ही 4बीने, झाडन् झाड वेगळे दाखवत रंगवला आहे, आणि त्यामुळे तो पोफळींच्या पुढे येऊन उभा राहतो. तो पुसा आणि एकाच फिक्या छटेने, फक्त वरची कड नीट ठेवून, पुन्हा काढा.

पावसाळ्यात हा हिशेब बदलतो. सर कोसळत असताना मागचा डोंगर नसतोच. एक झाड, त्याच्यामागे एक फिके झाड आणि मग कोरा कागद, इतके दोन-तीनच थर उरतात. उलट सर पडून गेल्यावर तासाभरासाठी हवा इतकी धुतलेली असते, की दूरचा डोंगर हाताशी आल्यासारखा दिसतो आणि तेव्हा तो निळा करून दाखवणे हा खोटेपणा ठरतो. त्या दिवसांत कागदही ओलावा धरतो आणि पेन्सिल त्यावर नीट लागत नाही. मी कागदाची गुंडाळी चुलीवरच्या माळ्यावर ठेवायचो. कागद थोडा पिवळा पडतो, पण कोरडा राहतो.

तुमच्या चित्रातला काही भाग मोबाईलवर काढलेल्या छायाचित्रावरून उतरवलेला दिसतो. मोबाईलचे नेहमीचे भिंग रुंद कोनाचे असते. जवळची वस्तू ते मोठी करते आणि लांबचा डोंगर पुसून टाकल्यासारखा लहान करते, शिवाय कडेच्या उभ्या भिंती थोड्या कलतात. आठवणीसाठी छायाचित्र जरूर घ्या, पण मापे त्यावरून घेऊ नका. त्यापेक्षा खिडकीच्या काचेवर एक डोळा मिटून, डोके चौकटीला टेकवून स्थिर ठेवून, साबणाच्या वडीने दिसते तसे गिरवून पाहा. माझ्या विद्यार्थ्यांना मी हे सर्वांत आधी करायला लावतो. वळचणीची रेषा किती आडवी असते हे काचेवर पाहून बहुतेक जण चकित होतात आणि डोके हलवून पुन्हा तपासतात. डोके हलले की सगळे चित्रच सरकते, हेही त्यांना तेव्हाच कळते.

खोली ही चित्राची सक्तीची गरज आहे असे मात्र मी मानत नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीतल्या ठाकर चित्रकथींची जुनी पाने पाहा. पात्रे बाजूने दिसणारी, मोठ्या डोळ्यांची, सगळी एकाच सपाट पातळीवर. क्षितिजाचा पत्ताच नाही. कथा सांगणारा एकेक पान समोर धरतो आणि समोरचे अनेक जण अनेक बाजूंनी ते पाहतात. तिथे एका डोळ्याच्या भोकाचा काही उपयोगच नव्हता. तुम्हाला मात्र आपल्या खळ्यातून दिसणारे दृश्यच हवे आहे, म्हणून हा सगळा खटाटोप.

आता नवीन कागद घेण्यापूर्वी जुन्या चित्रावरच एक काम करा. समुद्राची कड पट्टीने डावीकडे वाढवा, घरापर्यंत न्या. खळ्यात उभे राहून दाराकडे पाहिले तर तुमच्या डोळ्याची पातळी दाराच्या चौकटीवर जिथे येते, तिथेच ती रेषा पोहोचायला हवी. तुमच्या चित्रात ती ओटीच्या पायरीशी जाते. म्हणजे समुद्राची कड वर घ्यावी लागेल आणि त्यामुळे आकाश कमी होईल. ते होऊ द्या. मग होड्या. तुमच्या डोळ्याखाली वीस मीटर पाणी आहे आणि मासेमारीच्या लहान होडीची डोलकाठी काही तेवढी उंच नसते. त्यामुळे चित्रात नीट ओळखू येण्याइतक्या जवळच्या कोणत्याही होडीच्या काठीचे टोक क्षितिजाच्या वर, आकाशात, येऊ शकत नाही. संपूर्ण होडी काठीसकट पाण्याच्या पट्ट्यावरच दिसेल. तुमच्या दोन्ही होड्यांच्या काठ्या ढगांत गेल्या आहेत. त्या दोन काठ्या आधी खोडा आणि लांबच्या होडीची काठी क्षितिजाच्या जरा खाली संपवून पाहा. बाकीचे चित्र दुरुस्त करण्याआधीच पाणी थोडे आडवे झालेले दिसेल.